आधी ओट्याला सुट्टी

यंदा, २०२१च्या मेमध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीमुळे सुट्टी घरातच काढायची आहे, तर सगळ्यात आधी ती किती दिवसांची ते ठरवून टाक. शाळेला १ मे ते १३ जून सुट्टी असली तरी घराला एवढी लांब सुट्टी परवडत नाही. मग मुलांचा रोज रविवार होतो आणि तुझा रोज सोमवार. चारच दिवस घे. कॅलेंडर बघूनच सांगते आहे: गुरुवार १३ मे ते रविवार १६ मे. शुक्रवारी अक्षय्य तृतीया आहे, ईदही त्याच सुमारास, त्यामुळे जावईबापूंना रजा फार टाकावी लागणार नाही. पण जी टाकायची ती खरी टाका म्हणावं. ‘घरीच आहे, लागलं तर फोन करा’ असं ऑफिसला सांगून घेतलेल्या रजेला मी रजा म्हणत नाही. बुधवारी रात्री लॅपटॉप वायरसकट कपाटात गेला पाहिजे.

आता मुख्य गोष्ट, आणि ही नीट ऐक. गावाला गेलो की सुट्टी का वाटायची? डोंगर-समुद्र राहू देत. घरातल्या बाईला ‘आज काय करू’ हा प्रश्न चार दिवस पडत नव्हता, तिचं तोंड हसरं असायचं आणि त्यानं सगळ्यांना बरं वाटायचं. गेल्या वर्षीच्या टाळेबंदीत, मेमध्ये, घरोघरी काय झालं ते आठव. जिलब्या काय, केक काय, पाणीपुरीच्या पुऱ्यासुद्धा घरी! फोटो सगळ्यांनी टाकले, कढया मात्र एकीनंच घासल्या. तेव्हा यंदा सुट्टी द्यायची ती आधी ओट्याला. चार दिवसांत गॅस दिवसातून एकदाच पेटेल असं बघायचं, चहा सोडून.

हे जमतं. बुधवारीच मटकीला मोड आणून फ्रिजमध्ये ठेव, चिंच-गुळाचं पाणी करून बाटलीत भर, कैऱ्या उकडून पन्ह्याचा गर काढून ठेव. थालीपिठाची भाजणी घरात असेलच, नसेल तर वाण्याकडे मिळते. मात्र यंदाच्या टाळेबंदीत दुकानं सकाळी सात ते अकराच उघडी असतात, म्हणून यादी एकदाच आणि पूर्ण कर. एका संध्याकाळी भेळ. कांदा-टोमॅटो चिरण्याचं काम ज्याला सुरी धरता येते त्याचं, कालवण्याचं काम धाकट्याचं. एका सकाळी दडपे पोहे मुलांवर सोपव. पातळ पोहे, ओलं खोबरं, बारीक कांदा, मीठ, साखर, लिंबू, वर नारळाचं पाणी शिंपडायचं आणि अर्धा तास झाकून दडपून ठेवायचं. फोडणी तेवढी तू घाल. आमरस-पोळीच्या मोहात अजिबात पडू नकोस. रस घरच्यांचा होतो आणि पोळ्या लाटत तू उभी राहतेस. आंबा तासभर पाण्यात ठेवावा, कापावा, हाताचे कोपर भरेपर्यंत खावा. हापूसची पेटी घेतली असलीस तर रोज सकाळी ती उघडून पिकलेली फळं वेगळी काढायचं काम मुलांकडे दे. वास घेऊन आणि देठाशी हलकं दाबून आंबा कळायला लागला की त्यांना मोबाइलची आठवणही होत नाही, निदान अर्धा तास.

आपापलं ताट ज्यानं त्यानं घासायचं. मुलगा असो वा मुलगी, आणि जावईबापूसुद्धा. हे चार दिवसांपुरतं असं सांगून सुरू कर, नंतर चालू ठेव.

झोपायच्या जागा बदल. हे ऐकायला पोरकट वाटेल. पण माझ्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या लहानपणी गावात उंदीर पडायला लागले की सगळं गाव घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहायला जायचं. पुण्यात १८९७ साली प्लेगनं थैमान घातलं आणि पुढे कितीतरी वर्षं तो गावोगाव ये-जा करत राहिला, त्यातलीच ती एक फेरी. मोठ्या माणसांच्या पोटात गोळा असायचा. पण पोरांना त्या दिवसांतलं काय आठवायचं, तर चुलीवरचा भात, उघड्यावरची झोप आणि सगळी चुलत-मावस भावंडं एका छपराखाली. त्या साथीत माणसं घराबाहेर पडून वाचली, या साथीत घरात राहून वाचायचंय. तरी मुलांची भूक तीच आहे. म्हणून पलंग विसरा. दिवाणखान्यातलं टीपॉय बाजूला सारून ओळीनं गाद्या घाला, मच्छरदाणी बांधा, खिडक्या सताड उघड्या ठेवा. सोसायटीची गच्ची मिळत असेल तर चेअरमनना विचारून एक रात्र मागून घ्या, पण एका वेळी एकाच घरानं जायचं.

गच्ची दिवसाही लागेल, कारण तुझ्या चार दिवसांत एक तमाशा फुकट आहे. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली गडप होते. शून्य सावली म्हणतात. एखादी सरळ बाटली किंवा पेला उन्हात उभा करायचा, बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करायची. सूर्याकडे वर बघायचं नाही, एवढं मात्र बजाव. खरी गंमत पुढे आहे. हा दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. कोल्हापूरला ६-७ मे, मुंबईला १५, नाशिकला २०च्या सुमारास आणि नागपूरला २६. तुझी नणंद कोल्हापूरला, दीर नागपूरला. तिथल्या मुलांनी आपापल्या दिवशी फोटो पाठवायचे, इथल्यांनी नकाशावर तारखा लिहायच्या. यंदा टाळेबंदीत आपल्याला जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागतो, सूर्याला नाही. पुण्यावर तो जुलैच्या शेवटी परतताना पुन्हा असाच डोक्यावर येतो, पण तेव्हा ढगांमुळे बहुधा दिसत नाही. म्हणून आत्ताच बघून घ्या.

ऊन आहेच तर एक वाळवणही होऊ दे. कुरडयांच्या वाटेला जाऊ नकोस. गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, चीक गाळा, तो घोटा; हे सगळं फ्लॅटमध्ये एकटीनं करणं म्हणजे सुट्टीचा खून. साबुदाण्याच्या पापड्या कर. वाटीभर साबुदाणा रात्री भिजवायचा, सकाळी चार-पाच वाट्या पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, मीठ-जिरं घालायचं. दिवसातून एकदा पेटणारा गॅस त्या दिवशी याच्यासाठी, जेवायला भेळ आहेच. गॅसशी तू, पुढे मुलं. स्वच्छ प्लॅस्टिकवर चमच्यानं गोल घालत जायचं. वेडेवाकडे झाले तर होऊ देत, तळल्यावर कुणी बघत नाही. संध्याकाळी अर्धवट वाळलेल्या, चिवट पापड्या मुलं चोरून खातील. तिकडे काणाडोळा कर, वाळवण त्यासाठीच असतं. कबुतरांवर पहारा ठेवायला बाल्कनीत एक खुर्ची आणि एक गोष्टीचं पुस्तक पुरतं.

दुपारी पत्ते. बदाम सात धाकट्यालाही येतो, मेंढीकोटला चार भिडू लागतात आणि तुम्ही बरोबर चार आहात. लाडीस शिकवायची तर ती जावईबापूंनी शिकवावी, मला हातांचा हिशेब अजून जमत नाही. लांबच्या भावंडांबरोबर फोनवर नाव-गाव-फळ-फूल उत्तम चालतं. भेंड्या मात्र फोनवर नकोत, आवाज मागेपुढे पोचतो आणि भांडणं होतात. टीव्ही-मोबाइल पूर्ण बंद करण्याची शपथ कुणाला घालू नकोस. वर्षभर त्याच खोक्यावर शाळा केली आहे पोरांनी. वेळ ठरवून दे, झालं.

मोठ्यांच्या मोबाइलचं तेवढं बघ. बातम्या सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. ग्रुपवर रोज कुणाच्या ना कुणाच्या जाण्याचे मेसेज येताहेत, ते मुलांसमोर मोठ्यानं वाचू नका. आणि आपली सुट्टी चालू असताना भिंतीपलीकडे काय चाललंय त्याचं भान असू दे. वरच्या मजल्यावर कुणी पॉझिटिव्ह असेल तर त्यांचा डबा चार दिवस तुझ्याकडून जाऊ दे. मऊ वरण-भात, थोडी कोशिंबीर, परत मागावा लागणार नाही अशा डब्यात, दाराच्या कडीला लावून, बेल वाजवून मागे सरायचं. चौघांसाठी शिजतं त्यात पाचवी वाटी अवघड नाही. कुणाच्या घरी माणूस गेलं असेल तर गच्चीवरचा गोंगाट त्या दिवशी राहू दे. आणि तुमच्यातच कुणाला कणकण वाटली तर सुट्टी गेली खड्ड्यात. त्याला वेगळी खोली, ऑक्सिमीटर, आणि आकडा ९४च्या खाली दिसला की लगेच डॉक्टरांना फोन. ‘सकाळपर्यंत बघू’ हे वाक्य या साथीत उच्चारायचं नाही.

रविवारी संध्याकाळी सुट्टी संपली असं मोठ्यानं सांग, गाद्या उचला, लॅपटॉप काढा. उरलेल्या महिन्यात मुलं आपोआप काहीतरी शोधतात, सारखं त्यांच्या मागे राहू नकोस. कंटाळा आला म्हणाली तर येऊ दे.

एक राहिलं. कामाच्या मावशींना तू गेला महिनाभर ‘येऊ नका’ म्हणून सांगितलं आहेस. त्यांचा एप्रिलचा आणि मेचा पगार पूर्ण दे, सुट्टी सुरू व्हायच्या आधी दे. घरी बसायला त्यांना आपण सांगितलंय, त्यांनी रजा मागितली नव्हती.