वेबसाइट: दरवर्षीच्या खर्चाचं एक सदर

आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाची खजिनदार झाले तेव्हा आधीच्या वर्षांचे जमाखर्च मी वाचून काढले. बँकेत नोकरी केलेल्या बाईची ती सवयच असते. वीजबिल, वर्तमानपत्रं, पुस्तकबांधणी, वाळवीचं औषध, सगळं वर्षानुवर्षं आपापल्या सदरात होतं. वेबसाइटचा खर्च मात्र एकदाच दिसला. शताब्दीच्या वर्षी, ‘किरकोळ’मध्ये, साडेनऊशे रुपये. त्यानंतर एक पैसाही नाही. आणि वेबसाइटचा पत्ता तर लेटरहेडवर, पावतीपुस्तकांवर, दारावरच्या फलकावर आणि शताब्दीच्या स्मरणिकेवर ठळक छापलेला.

तो पत्ता टाइप केला की जुगाराची जाहिरात उघडत होती. हे आम्हाला कळलं ते एका शाळेच्या मुख्याध्यापिकांच्या फोनमुळे. वाचन प्रेरणा दिनासाठी, १५ ऑक्टोबरला, त्यांनी मुलांना आमचा पत्ता फळ्यावर लिहून दिला होता. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांच्या आवाजातला संकोच मला फार लागला. शंभर वर्षं जपलेलं संस्थेचं नाव त्या पानावर जुगाराच्या शेजारी उभं होतं.

झालं होतं असं. एका वर्गणीदाराचा मुलगा इंजिनिअरिंगला होता. शताब्दीसाठी त्याने सुट्टीत राबून वेबसाइट करून दिली, मोबदला घेतला नाही. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, त्याने स्वतःच्या नावावर आणि कॉलेजच्या ईमेलवर घेतलं, कारण वाचनालयाला ईमेल नव्हताच. पुढे काही वर्षं रिन्युअलचे पैसेही त्यानेच खिशातून भरले आणि कुणाला सांगितलं नाही. मग नोकरी लागली, तो बंगळूरला गेला. मी फोन केला तेव्हा कळवळून म्हणाला, “काकू, कॉलेजचा मेल बंद झाला, कार्डही बदललं. एकही निरोप माझ्यापर्यंत आला नाही हो.” त्याला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या पोराच्या प्रेमाची संस्थेने व्हाउचरवर कुठे नोंद ठेवली नाही, हे खरं दुखणं आहे.

डोमेन असं एका रात्रीत जात नाही, हे आधी समजून घ्या. डोमेन विकत मिळत नाही, ते वर्षाच्या कराराने मिळतं. एका वेळी फार तर दहा वर्षांचे पैसे भरता येतात. मुदत संपण्यापूर्वी साधारण एक महिना आणि एक आठवडा आधी विक्रेत्याने सूचना पाठवायची, असा नियम आहे. ‘.कॉम’ नावाच्या बाबतीत मुदत संपल्यावरही बहुतेक विक्रेते काही दिवस नेहमीच्या दराने रिन्युअल करू देतात. त्यानंतर ३० दिवसांची आणखी एक संधी असते, पण तेव्हा रिन्युअलच्या कितीतरी पट दंड पडतो. शेवटी पाच दिवसांनी नाव बाजारात खुलं होतं. अशी जुनी, गूगलला ओळखीची झालेली नावं टिपून घेणारे टपलेलेच असतात. आमच्या बाबतीत या सगळ्या पायऱ्या नियमाप्रमाणे पार पडल्या होत्या, फक्त प्रत्येक निरोप बंद पेटीत पडत होता.

म्हणून माझं पहिलं कळकळीचं सांगणं. संस्था असो, गृहउद्योग असो, कोकणातला होमस्टे असो, डोमेन मालकाच्याच नावावर हवं आणि ईमेल असा हवा की जो माणूस बदलला तरी बदलणार नाही. करून देणारा “मी माझ्या खात्यातून घेतो, स्वस्त पडेल” म्हणाला, तरी नको म्हणा. त्याच्या खात्यात आधीच असेल, तर ट्रान्सफर कोड मागून घ्या. नव्याने घेतलेलं नाव पहिले ६० दिवस सहसा दुसरीकडे हलवता येत नाही, पण म्हणून ते काम शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. आमच्याकडे आता तीन गोष्टी नोंदवहीत आहेत आणि त्या अध्यक्ष आणि चिटणीस दोघांनाही माहीत आहेत: डोमेनचं खातं, होस्टिंगचं खातं, वेबसाइटच्या प्रशासकाचा पासवर्ड. पासवर्ड बंद पाकिटात, सहीशिक्क्यासह, तिजोरीत.

नवी वेबसाइट करायची ठरल्यावर मी कोटेशनं मागवली. कामाचं वर्णन सगळ्यांना एकच दिलं होतं: पाच-सहा पानं, फोटो, सूचना, स्मरणिकेतले निवडक लेख. दर आले आठ हजारांपासून नव्वद हजारांपर्यंत. आठ हजारवाला फसवा आणि नव्वदवाला लुटारू, असं काही नव्हतं. आठ हजारांत तयार साचा बसवून फक्त नाव बदललं जाणार होतं. नव्वद हजारांत ऑनलाइन सभासदत्व, पुस्तक राखून ठेवणं, मोबाइल ॲप, असं बरंच होतं जे आम्ही मागितलंच नव्हतं. आम्ही बावीस हजारांचं घेतलं. ते एका मुलीचं होतं. तिने वर्डप्रेसवर काम करणार असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. वर्डप्रेस २००३ पासूनचं मोफत सॉफ्टवेअर आहे आणि ते येणारी माणसं आपल्या जिल्ह्याच्या गावीही मिळतात. ती उद्या लग्न होऊन गेली किंवा परदेशी गेली, तरी काम दुसऱ्याला देता येईल, हा माझा विचार होता. कुणी स्वतःच्या खास बनवलेल्या यंत्रणेवर काम करून देतो म्हणाला, तर त्याला एकच विचारा: तुम्ही नसाल तेव्हा हे कोण चालवेल?

कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते: ‘मजकूर ग्राहकाने द्यावा.’ मराठी संस्थांचे पैसे आणि महिने तिथेच जातात. आमची स्मरणिका श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीत टाइप केलेली. तो मजकूर उचलून वेबसाइटवर टाकला की अगम्य चिन्हांची रांग उमटते, कारण तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, फुकटही आहेत, पण रफार सुटतो, वेलांट्या सरकतात, जोडाक्षरं फुटतात. ‘र्‍या’चं तर काय होईल ते सांगता येत नाही. दिवंगत लेखकांचे लेख असे मोडक्या अक्षरांत मी लावू देणार नव्हते. शेवटी पानाला वीस रुपये दराने मुद्रितशोधन करून घेतलं. दोनशेच्या आसपास पानं होती, म्हणजे चार हजार रुपये, आणि ते कोणत्याही कोटेशनमध्ये नव्हते. तुमचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर हा आकडा आधी काढा. उलट एका कोटेशनमध्ये ‘मराठी फॉन्ट’ असा वेगळा खर्च लावला होता. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता, बालू हे देखणे देवनागरी फॉन्ट कुणालाही मोफत वापरता येतात. त्यासाठी पैसे देण्याचं कारण नाही.

होस्टिंगचं, म्हणजे वेबसाइट ठेवण्याच्या जागेच्या भाड्याचं, गणित जाहिरातीवर करू नका. महिन्याचा जो ठळक आकडा असतो, तो सहसा दोन-तीन किंवा चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो, तोही पहिल्यांदाच. रिन्युअलचा दर दुप्पट-तिप्पट निघतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. आमच्यासारख्या जीएसटीची नोंदणी नसलेल्या संस्थेला त्यातलं काही परत मिळत नाही, म्हणून आकडा नेहमी करासहित धरायचा. मी विक्रेत्याच्या पानावर रिन्युअलचा दर शोधते आणि तोच अंदाजपत्रकात लिहिते.

आणि देखभाल. कार्यकारी मंडळात सगळ्यात जास्त वाद याच खर्चावर झाला. “एकदा करून झाल्यावर दरवर्षी सहा हजार कशाचे?” हा प्रश्न ज्येष्ठ सभासदांनी विचारला आणि तो रास्त होता. वर्डप्रेस ज्या पीएचपी नावाच्या भाषेवर चालतं, तिची प्रत्येक आवृत्ती ठरावीक वर्षांनी निवृत्त होते. ७.४ या आवृत्तीचा आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. पुढे होस्टिंगवाले नवी आवृत्ती बसवतात आणि ज्यांच्या वेबसाइटचे भाग जुनेच राहिलेले असतात, त्यांच्याकडे एक दिवस कोरं पांढरं पान उघडतं. कुणी काही बिघडवलेलं नसतं. शिवाय जुने राहिलेले प्लगिन, म्हणजे वेबसाइटला जोडलेले भाग, हीच चोरवाट असते; घुसणाऱ्याला वाचनालय छोटं की मोठं याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त जागा हवी असते. सहा हजारांत ती मुलगी दरमहा अपडेट करते, प्रत आमच्या हार्ड डिस्कवर उतरवून देते आणि सूचना-फोटो बदलून देते. करारात कामांची यादी आहे, कारण ‘मेंटेनन्स’ या शब्दाखाली एक जण सगळं धरतो आणि दुसरा काहीच धरत नाही.

असे आमचे दरवर्षीचे आकडे: डोमेन नऊशे, होस्टिंग चार हजार, दोन्हींवर जीएसटी, देखभाल सहा हजार. सगळं मिळून बारा हजारांच्या आतबाहेर. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मिळणारं अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि पगार, पुस्तकं यांतच बरंचसं संपतं, म्हणून हे बारा हजार वर्गणीतून उभे करायचे, हे आम्ही वार्षिक सभेत मंजूर करून घेतलं. ज्या वर्षी ते उभे राहणार नाहीत, त्या वर्षी आधी देखभाल कापू, डोमेन कधीही नाही. नाव आपल्याकडे असलं तर वेबसाइट पुन्हा उभी करता येते. आमची जुनी काही पानं इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडली, तीही फुकट. गेलेलं नाव मात्र तिथे मिळत नाही. लेटरहेड, पावतीपुस्तकं, शिक्के, फलक नव्याने करायला आम्हाला या वर्षभराच्या खर्चाहून जास्त पैसे लागले.

काही खर्च टाळता येतात. काही ब्राउझरमध्ये पत्त्याआधी कुलपाचं चिन्ह ज्यामुळे दिसतं ते एसएसएल प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून मोफत मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवाले ते आपोआप बसवून देतात. ऑनलाइन पैसे घेण्यासाठी पेमेंट गेटवे लावला, तर साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी जातो, म्हणजे पाचशेच्या वर्गणीमागे अकरा रुपये ऐंशी पैसे. यूपीआयच्या व्यवहारांवर जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे पैसे घेणाऱ्याकडून कापलं जाणारं शुल्क, शून्य आहे, म्हणून आम्ही संस्थेच्या बँक खात्याचा क्यूआर कोड लावला आणि गेटवे सोडून दिला. डोमेनच्या नावाने येणारी बिलंही नीट बघा. ‘तुमची नोंदणी संपते आहे, ताबडतोब भरा’ अशा ईमेलमध्ये विक्रेता आपला नसतो, कधी तर ‘सर्च इंजिन नोंदणी’ अशी न घेतलेली सेवा असते. खजिनदार नवा असला की अशी बिलं सहज पास होतात. बिल आलं की आधी नोंदवहीतल्या विक्रेत्याचं नाव जुळवायचं.

सभासदांची यादी फोन नंबरांसह वेबसाइटवर टाकावी, अशी एक हौशी सूचनाही आली होती. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, आणि तो नसता तरी आमच्या वर्गणीदार मुलींचे नंबर मी जगापुढे मांडू दिले नसते.

ग्रंथसूची ऑनलाइन करायचं मात्र मनात आहे. त्यासाठी कोहा हे सॉफ्टवेअर आहे; न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी ते १९९९ मध्ये तयार झालं आणि आज जगभर मोफत वापरलं जातं. त्याला साधं होस्टिंग पुरत नाही, स्वतंत्र सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारं माणूसही. त्या दोन्हींची तरतूद यंदाच्या वर्गणीत बसत नाही. म्हणून ग्रंथपाल बाई रोज थोडी थोडी नोंद युनिकोड मराठीत एक्सेलमध्ये करत आहेत, लेखक, शीर्षक, दाखल क्रमांक अशा वेगवेगळ्या रकान्यांत. पुढे कोहा आलं तर ती यादी त्याच्या साच्यात रूपांतर करून आत घेता येईल आणि टायपिंगचे पैसे पुन्हा द्यावे लागणार नाहीत.