न्यूटच्या शेपटीवर कापूस

प्रश्न : नेदरलँड्समधल्या एका मराठी वाचकाच्या टाकीतल्या जपानी न्यूटने खाणे सोडले आहे. शेपटीवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात. काय करावे?

उत्तर : न्यूट दिसतो सरड्यासारखा, पण आहे बेडकासारखा उभयचर. त्याची त्वचा पाणी शोषते, त्यामुळे आधी पाणी तपासावे. अमोनिया व नायट्राइट शून्य हवेत, तापमान १८ ते २० अंशांच्या आसपास.

कात टाकताना पातळ पापुद्रे सुटतात, न्यूट ते खाऊनही टाकतो. तो आजार नव्हे. कापसासारखे पुंजके मात्र बहुधा जखमेवर वाढणाऱ्या सॅप्रोलेग्निया या बुरशीसारख्या जीवाचे असतात. पोटावर, पायांवर लाली आली तर जीवाणूंचा संसर्ग संभवतो.

आजारी न्यूट वेगळा ठेवून क्लोरीनमुक्त, थंड पाणी रोज बदलावे. माशांचे औषध अंदाजाने घालू नये. मात्रा उभयचरांच्या पशुवैद्यानेच ठरवावी.

त्वचेवर व्रण दिसले तर ‘बीसॅल’ बुरशीसाठी स्वॅब चाचणी तातडीने करावी. मूळची आशियातली ही बुरशी २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रथम नोंदवली, ती नेदरलँड्समधल्या फायर सॅलॅमँडर या न्यूटच्या नातलगावरच. तिथली त्यांची संख्या तिने जवळपास संपवली. म्हणून टाकीतले पाणी निर्जंतुक केल्याशिवाय ओढ्यात किंवा बागेत ओतू नये.