नाताळचा खाऊ आणि पाळीव प्राणी

नाताळच्या दिवसांत ख्रिस्ती घरांत केक, चॉकलेट व मिठाई यांची रेलचेल असते. अशा वेळी घरातील कुत्र्यालाही एखादा घास द्यावा, असा मोह मुलांना होतो. परंतु जे माणसास पचते ते कुत्र्यासही पचते, हा समज चुकीचा आहे. ब्रिटनमधील पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या नोंदी तपासून लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. कुत्र्याने चॉकलेट खाल्ल्याच्या तक्रारीची शक्यता सण नसलेल्या दिवसांपेक्षा नाताळात चौपटीहून अधिक असते, असे त्यांना आढळून आले.

चॉकलेट ज्या कोकोच्या बियांपासून बनते, त्यांत थिओब्रोमिन नावाचे द्रव्य असते. रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर वोस्क्रेसेन्स्की यांनी ते १८४१ मध्ये शोधून काढले. कॉफीतील कॅफीनशी त्याचे जवळचे नाते असून ते हृदय व मज्जासंस्था यांना उत्तेजित करते. माणसाच्या शरीरात त्याचे विघटन बऱ्याच लवकर होते. कुत्र्याच्या शरीरात मात्र ही क्रिया फार सावकाश चालते. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे १७ तास लागतात. म्हणून ते साचून राहते आणि वांती, अस्वस्थता, हृदयाची धडधड व आचके ही लक्षणे दिसू लागतात. क्वचित मृत्यूही ओढवतो.

धोका किती, हे कुत्र्याच्या वजनावर व चॉकलेटच्या प्रकारावर अवलंबून असते. दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे २० मिलिग्रॅम थिओब्रोमिन पोटात गेल्यास सौम्य लक्षणे दिसू शकतात. काळ्या चॉकलेटच्या एका ग्रॅमात ते सुमारे ५ मिलिग्रॅम, तर दुधाच्या चॉकलेटमध्ये सुमारे २ मिलिग्रॅम असते. तेव्हा १० किलोग्रॅम वजनाच्या कुत्र्यास ४० ग्रॅम काळे चॉकलेटही बाधू शकते.

नाताळच्या केकमधील बेदाणे व मनुकाही कुत्र्यास अपायकारक आहेत. त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आणि किती खाल्ले असता बाधेल, याचा निश्चित अंदाज बांधता येत नाही. काही साखरविरहित गोळ्यांत वापरले जाणारे झायलिटॉल कुत्र्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरवते.

मांजराची गोष्ट निराळी आहे. त्यास गोड चव कळत नाही, म्हणून ते मिठाईकडे सहसा वळत नाही. त्याला भुरळ पडते ती नाताळच्या झाडावरील चकाकत्या फितींची. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. त्यामुळे तोंडात गेलेली फीत बाहेर थुंकता येत नाही व गिळली जाते. ती आतड्यांत अडकल्यास आतडी चुणली जाऊन फाटण्याचा संभव असतो. फितीचे टोक बाहेर दिसले तरी ते ओढू नये.

प्राण्याने असे काही खाल्ल्यास लक्षणांची वाट पाहू नये. काय, किती व केव्हा खाल्ले हे लिहून घ्यावे, वेष्टन जपून ठेवावे व तत्काळ पशुवैद्यास कळवावे. मीठ पाजून वांती करविण्याचा घरगुती उपाय स्वतःच घातक ठरू शकतो. या सर्वांहून सोपी गोष्ट म्हणजे खाऊ झाकणाच्या डब्यात घालून उंच ठेवणे, फिती झाडाच्या वरच्या फांद्यांवर बांधणे आणि पाहुण्यांनाही ही माहिती आधीच देणे. प्राण्यास नाताळची भेट द्यावयाचीच असेल, तर ती त्याच्या नेहमीच्या अन्नातूनच द्यावी.