पंगतीत वाढायला शहाणपण कशाला?



‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय म्हटला की आपल्याला संत स्तेफन आठवतो, कारण पुढच्याच अध्यायात तो रक्तसाक्षी होतो. पण सहाव्या अध्यायाची सुरुवात एका तक्रारीने होते, आणि ती तक्रार जेवणाची आहे. यरुशलेममधील पहिल्या ख्रिस्तसभेत विधवांना रोज अन्न दिले जाई. त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होत होती. या स्त्रिया बहुधा परमुलखातून आलेल्या यहुदी घरांतल्या. भाषा निराळी, जवळचे नातेवाईक दूर. कोणी वैराने त्यांना डावलले असे संत लूक म्हणत नाही. आम्हाला वाटते, वाटणाऱ्यांचे पाय ओळखीच्या दारांकडेच वळत होते.

प्रेषितांनी ही कुरकुर दाबून टाकली नाही. सात माणसे निवडा, असे त्यांनी सांगितले आणि अटी घातल्या: लोकांत चांगले नाव हवे, पवित्र आत्म्याने भरलेले हवेत आणि ज्ञानानेही. आता पाहा, काम वाढप्याचे. त्याला पवित्र आत्मा आणि ज्ञान कशाला?

याचे उत्तर जुन्या करारात आहे. ज्ञान या अर्थाचा ‘होखमा’ हा हिब्रू शब्द निर्गमच्या ३१व्या अध्यायात बसालेल नावाच्या कारागिरासाठी आला आहे. सोने, रुपे, लाकूड, दगड यांवर काम करण्याची त्याची हातोटी म्हणजेच होखमा. आपण ज्ञान म्हटले की पुस्तक डोळ्यांपुढे आणतो. बायबलमध्ये ते हातांतही असते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटलने केलेला भेद शिकवला जातो. शाश्वत सत्य जाणणे एक, आणि या माणसासाठी, या वेळी काय करावे हे ओळखणे दुसरे. वाढप्याला हे दुसरे लागते. भात संपत आला आणि पंगतीच्या टोकाला अजून चारजण बसले आहेत, हे त्याला दिसले पाहिजे.

निवडलेल्या सातांची नावे वाचा: स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पर्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक. म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटपाचे काम दिले गेले. हा निर्णय आम्हाला फार धाडसी वाटतो.

दुसरे उदाहरण फ्रान्समधील एका धर्मग्रामाचे. साल १६१७, गाव शातियों, धर्मगुरू विन्सेंट डी पॉल. मिस्साच्या आधी त्यांना निरोप मिळाला की गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी आहेत, पाणी द्यायलाही कोणी नाही. त्यांनी प्रवचनात ते सांगितले. दुपारनंतर रस्ता माणसांनी भरून गेला, प्रत्येकजण काहीतरी घेऊन निघालेला. दुसरा एखादा धर्मगुरू यावरच संतुष्ट झाला असता. विन्सेंटना मात्र दिसले की आज एवढे अन्न नासून जाईल आणि चार दिवसांनी तेच घर पुन्हा उपाशी राहील. त्यांनी गावातील स्त्रियांना एकत्र करून पाळ्या लावल्या, नियम लिहिले. त्यातला एक नियम आम्हाला विशेष आवडतो. ज्या रुग्णाजवळ कोणी आहे त्याच्याकडे आधी जावे आणि जो एकटा आहे त्याच्याकडे शेवटी, म्हणजे त्याच्यापाशी जास्त वेळ बसता येते.

आता आपल्या वसईकडे येऊ. जुलै २०१८च्या पुरात मिठागर वस्तीतील माणसे पाण्यात अडकून पडली होती. अशा वेळी मदत आधी तिथे पोहोचते जिथे गाडी जाते आणि जिथे फोन करणारे कोणी असते. पाऊस नसतानाही हेच घडते. वाडीतल्या आजारी म्हातारीची खबर चर्चपर्यंत येते. मागच्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्या, हिंदी वा मल्याळम बोलणाऱ्या बाईची येत नाही. ती आपल्या धर्माची नसेल तर प्रश्नच मिटला, असे काहींना वाटते. संत पौलाने गलतीकरांना विश्वासबंधूंचे विशेष भले करायला सांगितले, हे खरे. पण त्याच वाक्यात आधी ‘सर्वांचे’ आहे, ते आपण चटकन गिळतो.

आणि द्यायचे तर कसे? बेनसिराच्या ग्रंथाचा १८वा अध्याय (काही मराठी बायबलांत हा ग्रंथ नाही, कॅथोलिक आवृत्ती पाहावी) बजावतो की देणगीसोबत टोचणारा शब्द देऊ नये. त्या काळी कॅमेरा नव्हता. धान्याची पिशवी घेताना मान खाली घातलेल्या बाईचा फोटो समूहाच्या मोबाईलवर फिरतो, तोही टोचणारा शब्दच आहे.

या महिन्याच्या लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत प्रेषितांची कृत्ये ६:१-७ वाचावे. नंतर प्रत्येक समूहाने आपल्या गल्लीतील अशी घरे आठवावीत, ज्यांच्या दारावर वर्षभरात आपल्यापैकी कोणी गेलेले नाही. बैठकीला न येणाऱ्यांपैकी, शक्यतो भाडेकरूंपैकी, एकाला तरी हे विचारावे. त्यांना माहीत असते. कागद बंद पाकिटात धर्मग्राम कार्यालयात द्यावा. ही नावे फलकावर लावली जाणार नाहीत.