एका मोठ्या मूळसंख्येची परीक्षा

ज्या संख्येस १ व ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येनें निःशेष भाग जात नाहीं, ती मूळसंख्या, हें आपण खालच्या इयत्तेंतच शिकलों. १३ किंवा ४७ मूळसंख्या आहे, हें तोंडीं ठरवितां येतें. परंतु संख्या अब्जांत गेली म्हणजे काय करावें?

२ हा आंकडा एकतीस वेळां मांडून गुणाकार करा व त्यांतून १ वजा करा. उत्तर २,१४,७४,८३,६४७ येईल. ही मूळसंख्या आहे, असें मर्सेन नांवाच्या फ्रेंच धर्मगुरूनें इ. स. १६४४ मध्यें लिहिलें. पण सिद्धता दिली नाहीं. त्याच्याच यादींत २ च्या ६७ व्या घाताहून एकानें लहान असलेली संख्याही मूळ म्हणून दिली होती, व ती पुढें चुकीची ठरली. थोरांनीं सांगितलें एवढ्यानें गणितांत भागत नाहीं.

मग परीक्षा कशी करावी? कोणतीही संख्या दोन अवयवांचा गुणाकार असेल, तर त्यांपैकीं एक तरी तिच्या वर्गमुळाहून मोठा नसतो. आपल्या संख्येचें वर्गमूळ ४६,३४० व ४६,३४१ यांच्या दरम्यान आहे. तेव्हां ४६,३४० पर्यंतच्या मूळसंख्यांनीं भागून पाहिलें म्हणजे पुरे. पण त्या भरतात पावणेपांच हजारांहून अधिक!

स्विस गणिती ऑयलर याची दृष्टि तेव्हां जवळजवळ गेली होती. त्यानें भागाकारापूर्वीं विचार केला. या संख्येस मूळ भाजक असलाच, तर त्यास ६२ नें भागून बाकी १ उरली पाहिजे, आणि ८ नें भागून बाकी १ किंवा ७ उरली पाहिजे. दोन्ही अटी मिळून, २४८ नें भागल्यास बाकी १ किंवा ६३ हीच उरूं शकते. ४६,३४० पर्यंत अशा मूळसंख्या शंभरही भरत नाहींत. त्यांपैकीं एकीचाही भाग गेला नाहीं, आणि इ. स. १७७२ मध्यें मर्सेनचें हें विधान सिद्ध झालें.

या नियमाचा प्रत्यय लहान संख्येवर घ्या. २ चा ११ वा घात २,०४८. त्यांतून १ गेला, राहिले २,०४७. ही संख्या २३ व ८९ यांचा गुणाकार आहे. दोन्ही अवयवांस ११ च्या दुपटीनें, म्हणजे २२ नें, भागा. बाकी १ च राहते. ८ नें भागा; बाकी अनुक्रमें ७ व १ राहते.

असल्या शोधांचा उपयोग काय, असें पालक विचारतील. पूर्वीं पुष्कळांनीं हेंच विचारलें. परंतु ल्यूका या फ्रेंच गणित्यानें इ. स. १८७६ मध्यें याच जातीची ३९ अंकी मूळसंख्या सिद्ध केली, इ. स. २०२४ मध्यें यंत्रांच्या साह्यानें ४,१०,२४,३२० अंकांची सांपडली. आणि आज गुप्त संदेश सुरक्षित राखण्याच्या कामीं शेंकडों अंकी मूळसंख्या रोज उपयोगीं पडत आहेत.

आतां एक उदाहरण तुमच्यासाठीं. २ च्या २३ व्या घातांतून १ वजा केल्यास ८३,८८,६०७ येतात. ही मूळसंख्या आहे काय? आधीं ऑयलरप्रमाणें विचार करा, मग पाटी घ्या. पहिल्याच भागाकारांत उत्तर हातीं येईल.