शेळी विकण्याआधी तिची वेतं आठवा

कळपातली कोणती शेळी काढायची हे ज्या घरात व्यापारी दारात उभा राहिल्यावर ठरतं, त्या घरचा कळप आतून पोखरत जातो. दावणीची डोकी तेवढीच दिसतात, करडं मात्र वर्षागणिक कमी होतात. हे मी आमच्याच घरात पाहिलं आहे.

आमचं गाव मुखेड तालुक्यात. बालाघाटाच्या उतारावरची हलकी जमीन, पावसावरची शेती आणि जोडीला उस्मानाबादी शेळ्या. २०१६ चा उन्हाळा मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो हा उन्हाळा. आमचा कडबा संपला होता आणि पेरणीला बियाणं घ्यायला हातात पैसा नव्हता. व्यापारी आला तेव्हा मोठ्या भावजींनी हाडं दिसणाऱ्या शेळ्या एका बाजूला करायला सांगितल्या. पावसाळ्यापर्यंत या टिकणार नाहीत, मेल्यावर काहीच हाती लागणार नाही, असा त्यांचा हिशेब. अंगानं भरलेल्या, तुकतुकीत काळ्या शेळ्या त्यांनी राखल्या. सासूबाई मेढीला टेकून म्हणत होत्या, "ती बांडी देऊ नका हो, दर येताला दोन-दोन देती ती." कुणी ऐकलं नाही. सौदा पुरुषांचा, आणि शेण काढणारीचं, धार काढणारीचं मत सौद्यात विचारायची रीत नव्हती.

राखलेल्या शेळ्यांचं काय झालं? त्यातली एक पुन्हा पुन्हा माजावर यायची आणि गाभण राहायची नाही. एक एकच करडू द्यायची. एकीला पान्हाच नव्हता, तिची करडं आठवडाभरात खंगून जायची. पुढच्या दोन-तीन वर्षांत आम्ही चारा तेवढाच घातला, पण विकायला बोकड निम्मेसुद्धा राहिले नाहीत.

यामागचं कारण साधं आहे. उस्मानाबादी शेळीचा गुणच जुळ्यांचा. दोन करडं पाजणारी शेळी चारा कमी पडला की स्वतःच्या अंगचं मांस दुधात घालते. तिचा पाठीचा कणा वर येतो, माकडहाडाजवळ खळगे पडतात, केस राठ होतात. जिला करडू झालंच नाही, किंवा जिचं जन्मताच गेलं, ती मात्र त्याच चाऱ्यावर गुबगुबीत होते. म्हणजे उन्हाळ्यात तुम्ही नुसत्या अंगावरून निवड केली तर राबणारी जाते आणि आयतं खाणारी राहते.

रानातल्या जनावरांतही हेच दिसतं. स्कॉटलंडमध्ये लांडगे उरले नाहीत, म्हणून तांबड्या हरणांच्या माद्या दरवर्षी २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी या हंगामात निवडून मारतात. तिथल्या रम बेटावर या हरणांचा कित्येक दशकं अभ्यास चालू आहे. पाडस वाढवलेली मादी त्या वर्षी अंगानं उतरते आणि लगेच गाभण राहण्याची शक्यता कमी असते, हे तिथं नोंदीवरून दिसलं. बिनपाडसाची मादी मात्र अंगानं भरलेली असते. आपल्याकडे असली निवड कुणाच्याच हाती नाही. काळविटं सोयाबीनचे कोंब खातात तेव्हा जीव तुटतो, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. पंचनामा करून वनखात्याकडे भरपाई मागणं एवढंच आपण करावं. शेळी मात्र आपली आहे, तिची निवड आपल्याला चुकवता येत नाही.

आता गोठ्याचा कारभार माझ्याकडे आहे. दर शेळीच्या कानात बिल्ला आहे आणि भिंतीवरच्या खिळ्याला वही टांगलेली असते. कधी व्यायली, किती झाली, तीन महिन्यांची होईपर्यंत किती जगली. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तीन करडं देऊन दोन गमावणाऱ्या शेळीपेक्षा दोन देऊन दोन्ही वाढवणारी मोलाची. बाजारात मात्र लोक तिळ्यांचंच कौतुक करतात. पहिलटकरणीला एकच करडू झालं म्हणून तिला काढू नका. दुसरं वेत बघा, मग ठरवा.

कास मात्र डोळ्यांनी नाही, हातानं बघायची. करडं तुटल्यावर, कास रिकामी असताना, दोन्ही भाग तळव्यात धरून हलके दाबा. निरोगी कास रिकाम्या पिशवीसारखी लुसलुशीत लागते. दगडी होऊन गेलेली असेल तर आत गाठ लागते, कधी अख्खा एक भाग घट्ट होऊन बसलेला असतो आणि त्या सडातून पाण्यासारखं किंवा फुटक्या दह्यासारखं दूध येतं. कास गरम आणि दुखरी असेल तर आजार ताजा आहे. डॉक्टरांना बोलवा, उपचार करा, लगेच विकायला काढू नका. पण गाठ जुनी झाली, सड कायमचा बंद झाला, तर ती शेळी जुळ्यांतलं एक करडू उपाशी मारणार. तिच्यावर कितीही माया असो, तिला काढावं लागतं. इंजेक्शन दिलेलं असेल तर औषधाचा अंश अंगातून जाईपर्यंत तिला खाटकाला देऊ नका. किती दिवस थांबायचं हे डॉक्टर सांगतात.

दातही बघा. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, खालचे आठ बघायचे. दुधाचे दात पडून दोन दाती, चार दाती, सहा दाती असं करत साधारण चार वर्षांत ती जुळते. पुढे दात झिजतात, फाकतात, तुटतात. अशा शेळीला बोरी-बाभळीचा पाला ओरबाडता येत नाही, ती उन्हाळ्यात सगळ्यांच्या आधी खचते.

गाभण न राहणाऱ्या शेळीच्या बाबतीत घाई नको. माज फिरला तर ती १८ ते २१ दिवसांत पुन्हा माजावर दिसते. दोन-तीनदा फळवूनही एकच शेळी उलटत असेल तर दोष तिचा. पण बऱ्याच जणी उलटत असतील तर आधी बोकड तपासा. लोक शेळ्या विकून मोकळे होतात आणि बोकड तोच ठेवतात. दोनेक वर्षांनी बोकड बदलायलाच हवा, नाहीतर तो स्वतःच्याच पाठींवर चढतो आणि करडं अशक्त होत जातात. जुळ्यातला, नोंद असलेला बोकड हवा असेल तर अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या मुखेडच्या प्रक्षेत्रावर चौकशी करावी.

गाभडण्याचं वेगळं. शेतात दुसऱ्या शेळीची ढुशी लागून एखादी गाभडली तर तिला दोष देऊ नका. एकामागून एक गाभडू लागल्या तर मात्र रक्त तपासून घ्या. ब्रुसेलासारखा रोग माणसालाही होतो. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हातानं उचलू नका, खोल पुरा, कुत्र्याला खाऊ देऊ नका. आणि अशी शेळी "गाभण राहते, गरीब आहे" म्हणून दुसऱ्याच्या दावणीला घालू नका. बाजारात हे सर्रास चालतं, आणि एका घरची पीडा दहा घरी जाते.

सर्वांत जपायचं ते गाभण शेळीला. पाच महिन्यांपैकी पहिले दोन-अडीच महिने पोट काही सांगत नाही. दूध आटलं म्हणून भाकड समजून विकलेली शेळी पोटात जुळी घेऊन जाते. म्हणून निवड करायची ती बोकड लावायच्या आधी, नाहीतर सोनोग्राफी करून. आम्ही दसरा-दिवाळीच्या सुमारास गोठ्यातच निवड करतो. पावसाळ्यातला चारा अंगी लागलेला असतो, त्यामुळे काढायच्या शेळीलाही भाव येतो, आणि दोन महिन्यांपूर्वी करडं तुटूनही जी अजून वाळलेली आहे तिचं वाळणं दुधामुळं नाही, हे लक्षात येतं. तिची लेंडी तपासून जंताचं औषध देतो, तरी सुधारली नाही तर ती काढायच्या यादीत. दुष्काळात सगळं गाव एकदम विकायला निघतं तेव्हा व्यापारी म्हणेल तो भाव असतो.

पायाची चिखली पावसाळ्यात होते आणि उपचारानं, कोरड्या जागी बरी होते, नुसती लंगडते म्हणून कुणी शेळी काढू नये.

निवडीच्या वेळी सासूबाई वही बघत नाहीत, त्यांना येतच नाही वाचायला. पण कुठल्या शेळीनं कुठलं करडू अंगाशी येऊ दिलं नाही, कुणाला धार काढताना कधी हाताला गाठ लागली, हे त्यांना तोंडपाठ आहे. वहीत नाही ते त्यांच्याकडून विचारून घेतो आणि मगच भावजी व्यापाऱ्याला फोन करतात. यंदा एका मुंडी शेळीवरून आमचं अडलं आहे. दोन दात तुटलेत, कास लोण्यासारखी, मागच्या वेतातली दोन्ही करडं जगवली. सासूबाई म्हणतात, भरडा भिजवून घालू आणि अजून एक वेत घेऊ. तिच्या दोन पाठी राखल्या आहेत. त्या व्यायल्या की मुंडीचं बघू, असं ठरलं.