घटक ४ : अस्मानी आणि सुलतानी – आपत्तीतील शासकीय प्रतिसादावरील वादविवाद

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस –
• वादविवादाच्या विषयातील कळीच्या शब्दाची व्याप्ती निश्चित करता येईल.
• एकच तथ्य दोन्ही पक्ष कसे वापरतात, हे स्पष्ट करता येईल.
• वाक्यरचना आणि उत्तरदायित्व यांचा संबंध ओळखता येईल.
• शासनाच्या कामगिरीचे साधार व संयत मूल्यमापन लिहिता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण वादविवादाचे सामान्य स्वरूप पाहिले. या घटकात एक प्रत्यक्ष विषय घेऊन त्याची मांडणी करावयाची आहे. मराठीत संकटाचे दोन प्रकार परंपरेने मानले जातात : अस्मानी आणि सुलतानी. अवर्षण, अतिवृष्टी, भूकंप ही अस्मानी. राज्यकर्त्यांच्या कृतीतून किंवा निष्क्रियतेतून येणारी ती सुलतानी. शासनाने आपत्तीला कसे तोंड दिले, यावरचा प्रत्येक वाद अखेरीस एकाच प्रश्नाशी येऊन थांबतो : अस्मानी कोठे संपते आणि सुलतानी कोठे सुरू होते?

आपणांपैकी कोणी तलाठी कार्यालयात काम करीत असेल, कोणी डोंगरालगतच्या पाड्यावर राहत असेल, कोणी पुरात घर गमावले असेल. त्यामुळे हा विषय आपल्यासाठी केवळ परीक्षेपुरता नाही. म्हणूनच तो मांडताना भावनेइतकीच शिस्तही हवी.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ निर्विवाद तथ्ये

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खोपोलीकडे जाताना चौक गावाजवळ इर्शाळगडाचा सुळका दिसतो. या गडाच्या उतारावर, रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वस्ती होती. १९ जुलै २०२३ रोजी रात्री, सततच्या मुसळधार पावसात, तिच्यावर दरड कोसळली. वाडीची लोकसंख्या सव्वादोनशेच्या आसपास होती. २७ मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता राहिले. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबवण्यात आले.

वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नव्हता. पायवाटेनेच चढावे लागे. त्यामुळे जड यंत्रे वर नेता आली नाहीत आणि खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर वापरता आले नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, स्थानिक गिर्यारोहक व ग्रामस्थ यांनी कुदळ-फावड्याने ढिगारा उपसला. नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा चढणीवरच हृदयविकाराने मृत्यू झाला.

वादविवादाची तयारी करताना प्रथम अशी तथ्ये वेगळी मांडावीत. त्यांवर दोन्ही पक्षांचे एकमत असते. मतभेद असतो तो त्यांच्या अर्थाविषयी.

४.३.२ 'प्रतिसाद' या शब्दाची व्याप्ती

समजा, विषय असा आहे : 'इर्शाळवाडीच्या दुर्घटनेत शासनाचा प्रतिसाद समाधानकारक होता.' येथे कळीचा शब्द 'प्रतिसाद' हा आहे. त्याची घडण पाहा. आधी कोणी तरी साद घालतो, मग तिला प्रतिसाद मिळतो. म्हणजे या शब्दातच काळाचा एक क्रम दडलेला आहे : आधी घटना, नंतर शासन. हा शब्द जसाच्या तसा स्वीकारला की १९ जुलैच्या रात्रीपूर्वीचे सारे काही चर्चेबाहेर जाते.

कायद्याची भाषा मात्र निराळी आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मध्ये 'व्यवस्थापन' या संज्ञेत धोक्याचे प्रतिबंधन, त्याची तीव्रता कमी करणे, पूर्वतयारी, तत्पर प्रतिसाद, बचाव व मदत आणि पुनर्वसन या साऱ्यांचा समावेश आहे. जिल्हा पातळीवर हे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे असते. प्रतिसाद हा त्या साखळीतील केवळ एक दुवा होय.

म्हणून वादाच्या आरंभीच पुढील तीन टप्पे वेगळे करावेत.
१) आपत्तीपूर्वी : धोक्याची ओळख, सूचना, स्थलांतर.
२) आपत्तीच्या वेळी : शोध, बचाव, उपचार.
३) आपत्तीनंतर : निवारा, अर्थसाहाय्य, पुनर्वसन.
एका टप्प्यावर शासन उत्तीर्ण आणि दुसऱ्यावर अनुत्तीर्ण असू शकते. 'सरकार अपयशी ठरले' किंवा 'सरकारने उत्तम काम केले' ही दोन्ही विधाने या तिन्ही टप्प्यांना एकाच मापाने मोजतात. म्हणूनच ती दुबळी असतात.

४.३.३ अनुकूल पक्ष

अनुकूल पक्षाचा भर दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यावर राहील. रात्री घडलेल्या घटनेनंतर पथके अंधारात, पावसात, निसरड्या वाटेने वर पोहोचली. मुख्यमंत्री दुसऱ्या दिवशी स्वतः घटनास्थळी गेले. मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपयांचे साहाय्य जाहीर झाले. वाचलेल्या कुटुंबांना कंटेनर-घरांत तात्पुरता निवारा मिळाला आणि कायमस्वरूपी घरांचे काम सिडकोकडे सोपवण्यात आले.

या पक्षाने एक दक्षता घ्यावी. गिर्यारोहकांनी व ग्रामस्थांनी केलेले काम हे समाजाचे काम आहे. ते शासनाच्या खात्यात जमा करू नये. शासनाने त्यांच्याशी समन्वय कसा साधला, एवढेच आपल्या बाजूने मांडता येईल.

४.३.४ प्रतिकूल पक्ष

प्रतिकूल पक्ष पहिल्या टप्प्याकडे लक्ष वेधील. २५ व २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव येथे दरडी कोसळल्या. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव गाडले गेले. १५१ जणांचा बळी गेला. २२ जुलै २०२१ रोजी महाडमधील तळीये येथे ऐंशीहून अधिक माणसे दगावली. चारही घटना जुलै महिन्यातल्या, सह्याद्रीच्या उतारांवरच्या आणि अतिवृष्टीतल्या. इतक्या उदाहरणांनंतर 'अनपेक्षित' हा शब्द कितपत टिकतो, असा प्रश्न हा पक्ष विचारील.

या पक्षालाही एक दक्षता हवी. डोंगराळ प्रदेशात धोका आहे, हे ठाऊक असणे आणि अमुक रात्री अमुक उतार सुटेल, हे ठाऊक असणे यांत मोठे अंतर आहे. पहिले ज्ञान शासनाकडे होते, असे म्हणता येईल. दुसरे होते, असे सुचवणे अन्यायाचे ठरेल.

४.३.५ एक तथ्य, दोन युक्तिवाद

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाने या घटनेनंतर स्पष्ट केले. हे विधान दोन्ही पक्ष वापरतात. अनुकूल पक्षाच्या मते यादीत नाव नसल्याने धोक्याची पूर्वकल्पना नव्हती. म्हणून दोष नाही. प्रतिकूल पक्षाच्या मते यादी करणे हेच शासनाचे काम. म्हणून नाव नसणे हाच दोष.

तथ्य एक असूनही निष्कर्ष उलट निघतात, कारण मधले गृहीतक वेगळे आहे. पहिला पक्ष यादीला ज्ञानाची मर्यादा मानतो, दुसरा तिला कर्तव्याचे मोजमाप मानतो. चांगला वादपटू तथ्यावर हल्ला न करता या गृहीतकाचा शोध घेतो. यादी कोणत्या निकषांवर झाली? लहान वाड्या-पाडे तिच्यात स्वतंत्रपणे मोजले गेले, की महसुली गावच एकक मानले गेले? ग्रामस्थांना विचारले गेले का? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत 'यादीत नव्हती' या विधानाने ना दोष सिद्ध होतो, ना निर्दोषत्व.

'रस्ता नव्हता' हे विधानही असेच दुधारी आहे. बचावात उशीर का झाला, याचे ते उत्तर आहे. आणि त्याच वेळी तो एक नवा प्रश्नही आहे.

४.३.६ वाक्यरचना आणि उत्तरदायित्व

आता भाषेकडे वळू. पुढील वाक्ये वाचा.
(अ) दरड कोसळली.
(आ) जखमींना रुग्णालयात हलवण्यात आले.
(इ) वाडीची पाहणी राहून गेली.
(ई) शासनाने वाडीचा बळी घेतला.

(अ) मध्ये अकर्मक क्रियापद आहे आणि ते योग्यच आहे. दरड कोणी ढकललेली नसते. (आ) मध्ये '-ण्यात येणे' ही शासकीय मराठीतील परिचित रचना आहे. येथे कर्ता लुप्त होतो. कोणी हलवले, हे संदर्भावरून कळत असेल तर तिला हरकत नाही. पण श्रेय किंवा दोष ठरवावयाचा असेल, तर कर्ता लिहिलाच पाहिजे. (इ) अधिक फसवे आहे. 'राहून जाणे' या क्रियेत पाहणी आपण होऊन मागे राहते. ती न करणारा कोणीच दिसत नाही. 'पाहणी केली नाही' असे म्हणताच 'कोणी?' हा प्रश्न उभा राहतो.

(ई) ची चूक उलट दिशेची आहे. तेथे कर्ता आहे, पण क्रियापद पुराव्यापलीकडे जाते. शिवाय 'शासन' हा एकसंध कर्ता नव्हे. ग्रामपंचायत, तहसीलदार, जिल्हाधिकारी, भूवैज्ञानिक सर्वेक्षण, मंत्रिमंडळ यांची कामे वेगवेगळी आहेत. नेमका कर्ता आणि नेमके क्रियापद हेच न्याय्य टीकेचे व्याकरण होय.

४.३.७ तुलनेचा वापर

ओडिशात ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्याच राज्यात ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' चक्रीवादळ येण्यापूर्वी सुमारे दहा लाख लोकांना हलवण्यात आले आणि मृत्यूंची संख्या पन्नासच्या आत राहिली. पूर्वतयारीने काय साधते, याचे हे बोलके उदाहरण आहे. तथापि चक्रीवादळ काही दिवस आधी दिसते. दरड तशी दिसत नाही. तुलना करताना साम्याबरोबर हा भेदही सांगावा, म्हणजे प्रतिपक्षाला तो सांगण्याची संधी उरत नाही.

स्थलांतराचा मुद्दाही येथेच येतो. 'लोकच जागा सोडत नाहीत' असे पुष्कळदा म्हटले जाते. पण शेत, रान आणि रोजगार सोडून माणसाने कोठे जायचे, हे सांगितल्याशिवाय केलेली सूचना अपुरी असते. पुनर्वसन आपत्तीनंतरच सुचत असेल, तर तिसरा टप्पा पहिल्यात आणता येणार नाही का, हा विचार दोन्ही पक्षांनी करावा.

४.४ सारांश

शासनाच्या प्रतिसादावरील वाद हा 'चांगला की वाईट' असा नसून 'कोणत्या टप्प्यावर, कोणाचे, कोणते काम' असा असावा. 'प्रतिसाद' हा शब्द आपत्तीपूर्वीचे कर्तव्य झाकू शकतो. म्हणून त्याची व्याप्ती आधी ठरवावी. तथ्ये, गृहीतके आणि निष्कर्ष वेगळे ठेवावेत. कर्ता लपवणारी रचना आणि दोष फुगवणारी रचना, दोन्ही टाळाव्यात. ज्यांची माणसे गेली, त्यांना अचूक वाक्याचा हक्क आहे.

४.५ पारिभाषिक शब्द

गृहीतक – युक्तिवादात न सांगता मान्य धरलेली गोष्ट.
दरडप्रवण – दरड कोसळण्याचा संभव असलेला.
उत्तरदायित्व – आपल्या कामाचा जाब देण्याची बांधिलकी.

४.६ स्वाध्याय

१) 'साद' आणि 'प्रतिसाद' या शब्दांच्या आधारे वादविषयाची व्याप्ती कशी बदलते, ते लिहा. (१५० शब्द)
२) पुढील वाक्यांत कर्ता घालून ती पुन्हा लिहा : 'सूचना देण्यात आल्या होत्या.' 'निधी खर्च व्हायचा राहिला.' अर्थात कोणता फरक पडला, तो नोंदवा.
३) आपल्या गावातील एखाद्या पूर, वादळ किंवा दरडीच्या घटनेची तीन टप्प्यांत मांडणी करा. प्रथम अनुकूल आणि नंतर प्रतिकूल बाजू लिहा. आपणांस न पटणाऱ्या बाजूसाठी अधिक वेळ द्या.